होडीत बसायचं तर लाइफ जॅकेट कुठलं घ्यावं आणि कसं घालावं?

खाडीकाठ (शिवोली)

नमस्कार मंडळी. आमचं घर गोव्यात, शापोरा नदीच्या काठावर. धाकट्या दिराने यंदा पाऊस ओसरल्यावर फायबरची छोटी बोट घेतली. मागे आउटबोर्ड इंजिन, सहा माणसं बसतील एवढी. दिवाळीत पुण्याची आणि सावंतवाडीची मंडळी येणार आहेत, आणि खारफुटीतून फेरी मारायची हे मुलांनी फोनवर आधीच ठरवून टाकलंय.

बोट विकणाऱ्याने बोटीबरोबर चार जॅकेटं फुकट दिली. सगळी नारिंगी, सगळी एकाच मापाची. मी एकाची शिवण जरा उसवून आत बघितलं. फोमचे वेगवेगळ्या जाडीचे तुकडे नुसते कोंबले होते, मधे मोकळी जागा. कंबरेचा पट्टा हाताने जोरात ओढला तर टाके सुटायला लागले. ही जॅकेटं मी कुणाच्या अंगावर चढवणार नाही, एवढं माझं पक्कं आहे. नवीन घ्यायची आहेत, पण ऑनलाइन बघितलं तर शंभर प्रकार.

बसणारी माणसं अशी: सासूबाई (वय ७२, पोहता येत नाही, साडी सोडणार नाहीत), जाऊबाई (अंगाने भरलेल्या, बाजारात त्यांना कुठलंच जॅकेट पुरत नाही), पुतण्या चार वर्षांचा, भाची अकराची, आत्ता कुठे पोहायला शिकतेय. नवरा आणि दीर याच नदीत पोहत मोठे झाले. जॅकेट हे पर्यटकांसाठी असतं असं त्यांचं ठाम मत.

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा. पैशांकडे बघणार नाही, पण चुकीची वस्तू आणायची नाहीये.

वल्हं_आणि_वारा

ताई, पहिलं काम म्हणजे ती चारही जॅकेटं कात्रीने कापून टाका. नुसती कचऱ्यात टाकलीत तर कुणीतरी उचलून वापरेल. मी कयाक शिकवतो, हे सगळं रोज हाताखालून जातं, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

जॅकेटच्या आतल्या बाजूला कापडाचं लेबल असतं. त्यावर ५०, १००, १५० किंवा २७५ असा आकडा दिसेल. तो न्यूटनमधला आहे. दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलो वजन वर उचलून धरण्याची ताकद. आता कुणी म्हणेल की सत्तर किलोच्या माणसाला पाच किलोने काय होणार? पण पाण्यात आपलं वजन पाणीच पेलतं. प्रौढ माणसाचं डोकं वर राहायला बहुतेक वेळा तीन ते साडेपाच किलोंचा आधार पुरतो. त्याच्यावरची ताकद लागते ती लाटेत तोंड पाण्याच्या पुरेसं वर ठेवायला आणि माणसाला उताणं करायला.

५० वाल्याला खरं तर पोहायला मदत करणारं जॅकेटच म्हणायचं. पोहता येणाऱ्यासाठी, शांत पाण्यात, काठ जवळ आणि मदतीला कुणीतरी असताना. कयाकला तेच वापरतात, कारण हात मोकळे राहतात. पण शुद्ध हरपली तर ते तुम्हाला उताणं करेल याची खात्री नाही. १०० वालं नदी-खाडीच्या आडोशाच्या पाण्यासाठी, पोहता न येणाऱ्यांनाही चालतं. १५० वालं उघड्या समुद्रासाठी, ते बेशुद्ध माणसालाही बहुतेक वेळा तोंड वर करून वळवतं. २७५ जाड कपडे आणि अवजारं अंगावर घेऊन खोल समुद्रात काम करणाऱ्यांसाठी, ते आपल्याला लागत नाही.

तुमच्या नदीसाठी सासूबाई, जाऊबाई आणि दोन्ही मुलांना १०० वालं, मानेमागे कॉलर असलेलं घ्या. कधी शापोऱ्याच्या मुखाकडे, मोरजीच्या बाजूला बाहेर जायचा विचार असेल तर १५०. मुखाशी लाट फुटते आणि ओहोटीला ओढ जबरदस्त असते, तिथे नदीची गणितं चालत नाहीत.

लहान मुलांच्या जॅकेटवर आकडा तोच असला तरी प्रत्यक्ष ताकद मुलाच्या वजनाच्या हिशेबाने कमी ठेवलेली असते. म्हणून मुलांसाठी आधी लेबलवरचा वजनाचा पल्ला बघायचा, वय नाही. जहाजांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत १५ किलोंच्या आत तान्हं बाळ, १५ ते ४३ किलो मूल, त्यापुढे प्रौढ अशी विभागणी आहे. चार वर्षांचं मूल नेमकं १५ च्या आसपास घुटमळतं. पुतण्याला काट्यावर उभं करा, मगच खरेदीला जा.

भारतात इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग किंवा डीजी शिपिंग (केंद्राचं जहाजवाहतूक महासंचालनालय) यांची मान्यता असलेली जॅकेटं मिळतात, तसा शिक्का लेबलवर असतो. परदेशी असेल तर आयएसओ १२४०२ हा क्रमांक शोधा. ज्या जॅकेटला लेबलच नाही, ते दुकानदार कितीही छातीठोकपणे सांगू दे, घ्यायचं नाही.

फोंड्याची_लेक

किती उपयुक्त माहिती! वाचनखूण साठवली. मला एक विचारायचंय. परवा दुकानात फार सुटसुटीत जॅकेटं दिसली, गळ्यात घालायच्या पट्ट्यासारखी. पाण्यात पडलं की आपोआप फुगतात म्हणाला. उकाड्यात ती बरी नाहीत का?

वल्हं_आणि_वारा

बरी आहेत, पण सगळ्यांसाठी नाहीत. आत कार्बन डायऑक्साइडचा छोटा सिलिंडर असतो. हाताने दोरी ओढून फुगणारं एक, आणि पाणी लागलं की आपोआप फुगणारं दुसरं. आपोआपवाल्यातही दोन जाती. एकात विरघळणारी गोळी असते, ती विरघळली की सुई सुटते आणि सिलिंडर फुटतो. दुसऱ्यात पाण्याच्या दाबाने झडप उघडते.

आपल्याकडच्या हवेत गोळीवाल्यांचा भरवसा मला कमी वाटतो. जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे ती गोळी किती दिवस टणक राहणार? दमटपणाने मऊ पडून जॅकेट खुंटीवरच फुगलेलं मी बघितलंय. गोळी आणि सिलिंडर दोन्हींची मुदत बघत राहावी लागते. इंजिनाच्या थरथरीने सिलिंडरचा आटा सैल होतो, तो निघण्यापूर्वी हाताने पिळून बघायचा.

मुलांना, पोहता न येणाऱ्यांना आणि जेट स्कीवर बसणाऱ्यांना हे द्यायचं नाही. फुगेपर्यंतचे दोन-चार क्षण घाबरलेला माणूस काय करेल सांगता येत नाही. ताईंच्या घरात हे फक्त नवरा आणि दिरांना चालेल. त्यांचा गरम होण्याचा बहाणाही संपेल! फक्त वरून शर्ट किंवा रेनकोट घालायचा नाही. फुगलं की बरगड्या आवळतात.

तांडेल_नेरूल

देव बरे करू. मी डॉल्फिन दाखवायला बोट काढतो. दुसऱ्या बाजूचंही ऐका.

गिऱ्हाईक बोटीत बसतं, जॅकेट घालतं, आणि आग्वाद किल्ल्यासमोर आलं की फोटोसाठी काढतं. एकाने काढलं की सगळे काढतात. मी इंजिन बंद करतो. सांगतो की सगळ्यांची बकलं लागल्याशिवाय बोट हलणार नाही. कुणी रागावतं, कुणी मोबाइलवर माझं नाव वाईट लिहितं. लिहू दे. डॉल्फिन वर आला की पंधराच्या पंधरा माणसं एका बाजूला धावतात, बोट कलते, आणि नेमकी तेव्हाच जॅकेटं मांडीवर असतात.

आमच्यातलेही काही जण जॅकेटं बाकाखाली दोरीने बांधून ठेवतात, तपासणी आली की दाखवायला. असल्या बोटीत बसू नका. धक्क्यावरच विचारा, जॅकेट कुठंय, मुलांच्या मापाचं आहे काय. नसेल तर पैसे द्यायच्या आधी मागे फिरा. बोटीवर नोंदणी क्रमांक आणि किती माणसं बसवायची तो आकडा रंगवलेला असतो, तो मोजून बघा. बंदर कप्तान खात्याकडे नोंदलेल्या बोटीला ते बंधनकारकच आहे.

आणखी एक, ग्रँड आयलंडला स्नॉर्केलिंगसाठी जी तोंडाने फुंकायची पातळ जॅकेटं देतात, ती लाइफ जॅकेटं नव्हेत. पाण्यात तरंगत खाली बघायला ठीक. जाता-येता बोटीत मोठं जॅकेटच अंगावर पाहिजे.

कुळागर

धागा चांगला आहे, पण थोडा विरोधी सूर लावतो. मी पट्टीचा पोहणारा. लहानपणी मांडवी आडवी पोहून गेलेलो आहे. जॅकेटात हात धड हलत नाहीत, उलट अडचण होते. ज्याला पोहता येतं त्यालाही सक्ती कशाला? आणि आपल्याकडे म्हणतातच, पोहेल तो बुडेल. शेवटी काळजी घेणं महत्त्वाचं.

परिचारिका_पेडणे

कुळागर दादा, तुमचं पोहणं मानते. पण बोटीतून माणूस पडतो तेव्हा तो पोहायच्या तयारीने उडी मारत नाही. बोट आदळते, डोकं काठाला आपटतं, खांदा निखळतो, छातीत पाणी जाऊन ठसका लागतो. दोन पेग पोटात असतील तर विचारूच नका. डोक्याला मार बसून दोन मिनिटं भान गेलं, तर आयुष्यभराचं पोहणं त्या दोन मिनिटांत कामाला येत नाही. मी इस्पितळात काम करते. पाण्यातून आणलेल्यांच्या घरच्यांकडून "त्याला तर उत्तम पोहता यायचं" हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलं आहे.

अमेरिकेचं तटरक्षक दल दरवर्षी हौशी नौकानयनातल्या अपघातांचा अहवाल काढतं. २०२२ च्या अहवालात बुडून मेलेल्यांपैकी ८५ टक्के लोकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. आणि लांब कशाला? १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. १५ जीव गेले. त्यानंतर गेटवेच्या प्रवासी बोटींवर जॅकेट घातल्याशिवाय बसू देणं बंद झालं. पुढच्याच आठवड्यात नाताळच्या दिवशी आपल्या कळंगुटला पर्यटकांची बोट उलटून एक जण दगावला, वीसेक जणांना बाहेर काढलं. किनारा जवळ होता. त्याच वर्षी जानेवारीत वडोदऱ्याच्या हरणी तलावात १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. तलाव होता तो, समुद्र नव्हे. सगळ्या मुलांना जॅकेटं दिलेलीही नव्हती.

यातल्या एकाही घटनेत लोकांना आधी कळलं नव्हतं की आता पाण्यात पडणार. बाकाखालचं जॅकेट शोधायला, पट्टे सोडवायला, लहान मुलाला घालायला वेळ कुठून आणणार? पाण्यात पडल्यावर जॅकेट घालून बघा कधी, काठालगत, मुद्दाम. बकल सापडत नाही. म्हणून धक्क्यावरच घालायचं आणि परत धक्क्यावर उतरूनच काढायचं.

आणि दादा, तुम्ही घातलं नाहीत तर मुलं घालणार नाहीत. हे तर तुम्हीही मानाल.

कुळागर

परिचारिका ताई, मुलांचा मुद्दा बिनतोड आहे. हात हलायचा प्रश्न ५० वाल्या कयाकच्या जॅकेटाने सुटत असेल तर ते घेऊन बघतो.

वल्हं_आणि_वारा

सुटतो. काखेपाशी मोठा कापा असलेलं बघा.

आता घालायची रीत, कारण चांगलं जॅकेट सैल घातलं तर उपयोग शून्य.

चेन असेल तर आधी चेन. मग बकलं खालून वर लावत यायची, कंबरेचं पहिलं. प्रत्येक पट्टा आवळून, सुटलेलं टोक खोचून टाकायचं. नंतर दुसऱ्याने समोर उभं राहून खांद्यांचे पट्टे धरून जॅकेट सरळ वर ओढायचं. हनुवटीच्या वर, कानांपर्यंत आलं तर सैल किंवा मोठं. बोटं जेमतेम आत जातील आणि मोठा श्वास घेता येईल, एवढं घट्ट हवं. हात वर करायला लावूनही बघा.

मुलांच्या जॅकेटाला दोन्ही मांड्यांमधून घ्यायचा पट्टा असलाच पाहिजे. मुलांचं डोकं जड, कंबर नसतेच, त्यामुळे पाण्यात मूल खाली घसरतं आणि जॅकेट वर राहतं. मानेमागे पकडायची मूठ असावी, मूल पाण्यातून वर खेचायला तीच लागते. "पुढच्या वर्षीही होईल" म्हणून मोठं घ्यायचं नाही. दंडात घालायचे फुगे आणि टायर ही पोहण्याच्या तलावातली खेळणी आहेत, बोटीत ती आणूच नका.

जाऊबाईंना सांगा, भरलेल्या अंगाला जास्त ताकदीचं जॅकेट लागतं हा समज चुकीचा आहे. चरबी तरंगते. उलट सडपातळ, पिळदार माणूस लवकर खाली जातो. त्यांनी छातीचा घेर टेपने मोजावा आणि लेबलवरच्या घेराशी जुळवावा. मोठ्या घेराची मिळतात, मागवावी लागतात. पट्ट्याला घरी दोरीचा तुकडा जोडून वाढवायचा नाही.

सासूबाई नऊवारी काष्ट्याची नेसत असतील तर मांडीचा पट्टासुद्धा बसतो. पाचवारी असेल तर तो जमणार नाही. मग कंबरेचा पट्टा बरगड्यांच्या खाली नीट आवळायचा, आणि पदर जॅकेटच्या आत, पिन लावून. जॅकेटवरून पदर घेतला तर बकल झाकलं जातं आणि ओला पदर तोंडावर येतो. ओली साडी पायांना गुंडाळते, म्हणून शक्य असेल तर त्या दिवसापुरता पंजाबी ड्रेस घालायला त्यांना गोड बोलून तयार करा.

रंग नारिंगी किंवा पिवळा. निळं-हिरवं दिसायला छान, पण पाण्यात शोधणाऱ्याला दिसत नाही. शिट्टी दोरीने बांधलेली हवी. ओरडून घसा बसतो, शिट्टी वाजत राहते.

मडगावकर_७

फेरीबोटीचं काय? रोज दिवाडीला जातो. जॅकेटं टांगलेली असतात, पण घालताना कुणाला बघितलं नाही.

तांडेल_नेरूल

फेरीबोट रुंद, सपाट, तिचा प्रकार वेगळा. तरी चढल्यावर जॅकेटं आणि गोल रिंगा कुठे आहेत तेवढं बघून ठेवा. गाडीत काचा वर करून एसी लावून बसू नका, खाली उतरून उभे राहा. छत-भिंती असलेल्या बंद बोटीत आतल्या बाजूला बसायचं टाळा. बोट उलटली तर जॅकेट माणसाला छताशी चिकटवतं, बुडी मारून बाहेर यायला देत नाही. आपोआप फुगणारं असेल तर फारच वाईट. दाराजवळची, उघडी जागा धरा.

खाडीकाठ (शिवोली)

सगळ्यांचे मनापासून आभार. खरेदी झाली, ती सांगते.

पुतण्याचं वजन साडेपंधरा किलो भरलं. १५ ते ३० वालं जॅकेट दुकानात अंगात घातलं तेव्हा छान बसलंय असं वाटलं. घरी पायऱ्यांपाशी, भरती पूर्ण होऊन पाणी थांबलं तेव्हा दिराने त्याला कंबरभर पाण्यात धरून सोडलं. मांडीचा पट्टा आम्ही सैल ठेवला होता, त्याला काचतो म्हणून. लगेच जॅकेट कानांवर चढलं, हनुवटी आत गेली आणि तो रडायला लागला. पट्टा आवळून पुन्हा सोडलं तर आपोआप उताणा झाला, तोंड स्वच्छ वर, आणि शिट्टी वाजवत बसला! एका पट्ट्याने एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. दुकानात कितीही घालून बघा, पाण्यात सोडल्याशिवाय काही कळत नाही.

भाचीला तेच, तिच्या वजनाचं. जाऊबाईंचं मोठ्या घेराचं मागवलंय, येईपर्यंत त्या बोटीत बसणार नाहीत असं त्यांनीच जाहीर केलं. सासूबाई पंजाबी ड्रेसला तयार झाल्या. नवऱ्याने आणि दिराने हा धागा वाचला. परिचारिका ताईंचं शेवटचं वाक्य लागू पडलं, दोघांनी दोरी ओढून फुगणारी १५० वाली घेतली.

दोन शंका उरल्या. खाऱ्या पाण्यातून आल्यावर काय करायचं? आणि खरंच कुणी पाण्यात पडलंच तर?

वल्हं_आणि_वारा

गोड्या पाण्याने खळखळून धुवायचं, बकलांतली वाळू काढायची, हँगरला लावून सावलीत वाळवायचं. उन्हात नाही, उन्हाने कापड आणि धागा दोन्ही कुजतात. रंग फिका पडला की समजा कापडाची ताकदही गेली. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. पेट्रोल-डिझेलच्या कॅनजवळ नको, फोम खराब होतो. आणि बोटीत उशी म्हणून त्यावर बसायला कुणालाही देऊ नका. फोम दबला की परत फुगत नाही. दरवर्षी पाऊस संपल्यावर फोम दाबून बघा. खळगा तसाच राहिला किंवा आत कुरकुर आवाज आला तर ते जॅकेट कात्रीखाली.

पडल्यावर: पडतोय असं कळलं तर दोन्ही हातांनी जॅकेट छातीशी धरा, नाहीतर पाण्यात शिरताना ते हनुवटीवर आपटतं. मग उताणं व्हायचं, आधी श्वास सावरायचा. ओहोटीच्या विरुद्ध पोहायचं नाही, त्यात दम जातो. तिरकं, प्रवाहाबरोबर काठाकडे सरकत जा. बोट तरंगत असेल तर ती सोडू नका. जास्त जण असाल तर हात गुंफून घोळका करा, मुलं मधे. काठावरच्या माणसाने ११२ लावायचा. समुद्रात असाल तर तटरक्षक दलाचा १५५४ आहे. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, गळ्यात.

दिरांना वेळ असेल तर दोनापावल-करंझाळे भागात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची. तिथे पॉवरबोट चालवण्याचं आणि जीवरक्षणाचं प्रशिक्षण देतात. घरची माणसं बसवणार असतील तर तेवढं करून घ्याच. आणि इंजिन बंद पाडणारी लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटाला अडकवलेली असू दे. तो पाण्यात पडला तर इंजिन तिथल्या तिथे थांबतं, पंखा कुणाच्या अंगावर येत नाही.

फोंड्याची_लेक

पावसात वाळपईजवळ म्हादईत राफ्टिंगला जाणार आहोत. तिथेही हेच सगळं लागू का?

वल्हं_आणि_वारा

घट्ट बांधायचं, हे लागू. पण ते जॅकेट वेगळं, जास्त जाड फोमचं, आणि सोबत हेल्मेट हवंच. फुगणारं जॅकेट तिथे नेऊ नका, खडकाला लागून फाटतं. तिथे पडल्यावर पाय पुढे, बोटं पाण्याच्या वर, पाठीवर वाहत जायचं. उथळ पाण्यातही उभं राहायचं नाही, पाय दगडात अडकतो. निघण्याआधी गाइड पट्टे ओढून बघतो. त्याने तुमचे बघितले नाहीत तर हाक मारून बघायला लावा.